वाघोबाची खिंड आणि हलकी केलेली मोटार

समजा, तुम्ही सायकल चालवताय आणि मागे कॅरियरवर तुमचे मामा बसले आहेत. किरकोळ मामा नव्हेत, लग्नात जिलबीच्या पंगतीला शेवटपर्यंत बसणारे मामा. समोर चढ आला. पायडल जड झालं, हँडल डुलायला लागलं, आणि मागून मामा म्हणताहेत, "मार की जोरात! दूध पीत नाहीस का?" आता विचार करा. जोर वाढवाल, की मामांना खाली उतरवाल?

घाईने उत्तर देऊ नका. मी विज्ञानाचा शिक्षक. हा प्रश्न मी दर वर्षी सहावीच्या वर्गात विचारायचो आणि उत्तर आलं नाही की डोळे वटारायचो. पण माझ्यावरच वेळ आली तेव्हा ते उत्तर सापडायला मला एक अख्खा हिवाळा लागला. एकोणीसशे ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा हिवाळा. तेव्हा मी बोईसरजवळच्या कुंभवलीला राहत होतो आणि माझ्याकडे मोटार होती.

मोटार साधी नव्हती. विलायती, लाल, उघड्या टपाची, दोनच सिटांची स्पोर्ट्स मोटार. ती एका शाळामास्तराकडे कशी आली ही वेगळीच कथा आहे. डहाणूकडच्या एका बागवाल्या शेठजींचा नातू गणितात पास झाला आणि शेठजींना एवढा आनंद झाला की चिकूच्या करंडीबरोबर त्यांनी वखारीत पडलेली मोटारही पाठवून दिली, इतकंच सांगतो. चिकू आठवड्यात संपले. मोटार संपेना.

तरुणपणी म्हणे ती मुंबईत शर्यतींत धावलेली होती. पण मोटारीचं आणि पैलवानाचं सारखंच असतं. म्हातारपणी छाती तेवढीच दिसते, दम राहत नाही. आमच्याकडे मिठागरं, कारखाने, रेल्वेचे रूळ, सगळं सपाट; त्यामुळे बोईसरपर्यंत तिचं गुपित कोणाला कळत नसे. पालघरहून मनोरला जाताना मात्र वाघोबाची खिंड लागते. चढावर वाघोबाचं देऊळ आहे. येणारा-जाणारा तिथे थांबतो, हात जोडतो, मग पुढे जातो. त्या दिवाळीत मीही थांबलो. शेजारी माझी पत्नी पुष्पलता, अंगावर नवी साडी, मांडीवर बहिणीसाठी चकल्यांचा डबा. मी हात जोडले, गिअर टाकला, आणि मोटार मागे जायला लागली.

मागे एसटी उभी होती. कंडक्टरने खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं. "मास्तर, मनोर पुढच्या बाजूला आहे हो!"

अख्खी एसटी हसली. वाघोबा हसला की नाही ते मी पाहिलं नाही. शेवटी मासळीच्या टेंपोला दोर बांधून आम्हाला माघारी आणलं. टेंपोतल्या टोपल्यांचं पाणी वाऱ्याबरोबर मागे येत होतं आणि आमच्या मोटारीचा टप दुमडलेला होता. पुष्पलता पालघर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. पालघरनंतर बोलली.

इथेच मी मोटार विकली असती. पण मध्ये हंसा आली.

हंसा माझ्या वर्गात होती. तिची आजी येसूबाई आमच्या शेजारी राहायची. नवापूरच्या किनाऱ्यावरून मासळी आणून कारखान्यांच्या वसाहतींत विकायची. येसूबाई तराजू घेऊन जायची आणि वजनं घरी विसरायची. मग हंसा ती लोखंडी वजनं दोन्ही हातांत धरून धावत बोईसरला पोचवायची. अशा मुलीला एकदा मोकळ्या हातांनी धावू द्या, मग बघा. आमच्या शाळेत तिच्याबरोबर धावायला पोरं तयार होत नसत. त्या वर्षी तालुक्याच्या शर्यती मनोरला होत्या. बाकीची मुलं आदल्या दिवशी एसटीने जाऊन तिथल्या शाळेत मुक्काम करणार होती.

"पोरीला परक्या गावात निजायला धाडनार नाय," येसूबाई म्हणाली. "सकाळची एसटी हाय ना?"

"सकाळची एसटी शर्यत संपल्यावर पोचते, येसूबाई."

"मंग ऱ्हाऊं दे. धावून कोनाचं पोट भरलंय?"

हंसाने अंगणात उभ्या असलेल्या मोटारीकडे पाहिलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी नेतो."

येसूबाईनेही मोटारीकडे पाहिलं. बाजारात शिळ्या पापलेटाकडे पाहतात तसं. "ह्येच्यातून? मास्तर, हिला खिंड चढवायची तं मागून ढकलायला आमचा सगला पाडा न्यावा लागंल."

"गुरुजी बोलले म्हंजे नेतीलच," हंसा म्हणाली.

एवढ्याशा वाक्याखाली भलीभली माणसं चिरडली गेली आहेत. दुसऱ्या दिवसापासून मी मोटारीची ताकद वाढवायच्या मागे लागलो. नवं इंजिन शिक्षकाच्या पगारात बसणारं नव्हतं. तेव्हा आहे त्याच इंजिनातून, आहे त्याच पैशांत, जास्तीचा जोर काढायचा होता.

पहिला सल्ला शेजारच्या कमलाकांतचा. कमलाकांत एका रसायनांच्या कारखान्यात पाळीला जायचे. ज्या यंत्राला त्यांनी कधी हात लावलेला नसे त्याबद्दल त्यांना विशेष माहिती असे. ते म्हणाले, "मास्तर, हेड घासून घ्या."

त्यामागचं शास्त्र खोटं नव्हतं. इंजिनात हवा आणि पेट्रोल कोंडून दाबतात आणि मग पेटवतात. जास्त दाबलं तर दणका जोरात बसतो. इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण खालून थोडं घासलं की आतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. औद्योगिक वसाहतीच्या गल्लीत नामदेवचं लेथचं दुकान होतं. तिथे आम्ही ते झाकण घेऊन गेलो.

"किती घासू?" नामदेवने विचारलं.

"थोडंसं," मी म्हणालो.

"अरे, रोज रोज कोण येणार?" कमलाकांत म्हणाले. "घासतोच आहेस तर घास नीट."

नामदेवने नीट घासलं. मोटारीत जोर आला, नाही म्हणत नाही. पण तिच्या पोटात कोणीतरी पोहे कांडतंय असा आवाजही आला. आणि तिला एक नवीनच खोड लागली. किल्ली बंद केली तरी ती बंद होईना. आतला दाब आणि उष्णता इतकी वाढली होती की पेट्रोल ठिणगीची वाटच पाहत नसे, आपलं आपण पेटे. मी किल्ली काढून घरात आलो, पाय धुतले, चहाचा कप हातात घेतला, आणि अंगणात मोटार आपली फट्… फट्… फट् करतेच आहे.

"किल्ली तुमच्या हातात आहे ना?" पुष्पलताने विचारलं.

"आहे."

"मग ती ऐकते कोणाचं?"

शिक्षकाच्या आयुष्यात असे प्रश्न वर्गाबाहेरच येतात.

दुसरा सल्ला सायलेन्सरचा. इंजिनाला मोकळा श्वास हवा, असं कमलाकांतचं म्हणणं. नाक दाबून कोणी पळू शकेल का? तर सायलेन्सर काढा, सरळ नळी बसवा. मला ते पटलं. नाकाचं उदाहरण दिलं की मला काहीही पटतं. नळी बसवली, रविवारी दुपारी मोटार सुरू केली आणि अॅक्सिलरेटरवरून पाय काढला. मोटारीने फटाका मारला. लवंगी म्हणू नका, सुतळी म्हणा.

आता आमची वस्ती कशी ते सांगायला हवं. तिकडे प्रत्येक घरातला कोणी ना कोणी कारखान्यात, आणि प्रत्येकाला शिकवलेलं की धडाका झाला तर पळत सुटायचं नाही. आधी वारा कुठला आहे ते बघायचं, नाकाला ओलं फडकं लावायचं आणि वाऱ्याला आडवं होऊन चालायला लागायचं. पाहतो तो काय, गल्लीतल्या प्रत्येक दारातून ओले टॉवेल नाकाला धरलेली माणसं बाहेर पडताहेत, धुराड्याकडे बोट करून वारा ठरवताहेत आणि शिस्तीत रांगेने माझ्या अंगणावरून जाताहेत. पुढे कमलाकांत. हातात पोपटाचा पिंजरा, आणि पोपटावरही ओला रुमाल.

"मास्तर, निघा! उभे काय राहिलात?" रुमालातून ते ओरडले.

"कमलाकांत, ही मोटार आहे."

"मोटार राहू द्या, जीव वाचवा!"

सगळी वस्ती शेतापर्यंत जाऊन परत आली. तिसरी पाळी करून झोपलेले भाड्याच्या खोल्यांतले कामगारही लुंग्या सावरत त्यात होते. त्यांतला एक माझ्यापाशी थांबला. हात जोडून म्हणाला, "मास्टरजी, रात को कंपनी जगाती है, दिन में आप जगाओगे?"

त्या रात्री मोटारीवर तागाचं पोतं पांघरून मी अंगणात बसलो होतो. जोर वाढला होता, पण खिंडीपुरता? मला शंका होती. हंसा कुंपणापाशी उभी होती.

"गुरुजी, तुमी आमाला सायकलीचं शिकवलं ना? मामांचं?"

"शिकवलं."

"मंग हिच्यात मामा कोन हाय?"

मी मोटारीकडे बघत राहिलो. पुढचा बंपर, मागचा बंपर, स्टेपनी, लोखंडी जॅक, टपाचं कापड आणि त्याच्या कांबी, डाव्या बाजूचं जाडजूड सीट. मामाच मामा! सगळं वऱ्हाड बसलं होतं तिच्यात.

पुढचे कितीतरी रविवार आम्ही मामा उतरवत होतो. हंसा पाने द्यायची, मी बोल्ट काढायचो, येसूबाई येता-जाता शेरे मारायची. काढलेली वस्तू काही अंगणात राहत नसे. बंपर येसूबाईने दोन बांबूंवर आडवे टाकले आणि त्यांवर बोंबील वाळत घातले. टप पुष्पलताच्या सरपणावर गेला. सीट कमलाकांतच्या ओटीवर गेलं, आणि तेव्हापासून ते मला बसून सल्ले देऊ लागले. हंसाला बसायला सीटच्या जागी मी घरातला जेवणाचा पाट दोरीने घट्ट बांधला. शेवटी मोटार इतकी हलकी झाली की वळणावर स्वतःच दचकायची. मी खूश होतो. ह्या वेळी खिंडीत थांबायचंच नाही, असं ठरवलं. खालून वेग घ्यायचा आणि वाघोबाला लांबून नमस्कार करायचा.

शर्यतीचा दिवस उजाडला. शर्यत दहाला होती. मी मोटार सुरू केली, हंसा पाटावर बसली, आणि पुष्पलता पदर खोचून बाहेर आली.

"अहो, जातच आहात तर एवढं ताईकडे टाका."

तिच्या हातात पाटा होता. पाटा म्हणजे पाटा-वरवंट्यातला पाटा. वरवंटा दुसऱ्या हातात. बोईसरच्या पाथरवटाकडून टाकी लावून आणलेला, मनोरच्या ताईंनी मागितलेला.

आपल्याकडे गावाला निघालेल्या माणसाला कोणी मोकळं जाऊ देत नाही. तो जाणारच असतो, मग आपली वस्तू त्याच्याबरोबर फुकट जाते, असा आपला हिशोब. कमलाकांतने मनोरच्या साडूसाठी कारखान्यातला निळा प्लास्टिकचा ड्रम आणला. "रिकामा आहे हो, ह्याचं वजन ते काय!" ड्रम रिकामा जातोय हे पाहून त्यांची बायको भागी हळहळली आणि तिने त्यात वाल भरले. येसूबाईने सुक्या बोंबलांची पाटी मागे ठेवली आणि हंसाच्या ओंजळीत एक नारळ दिला.

"वाघोबाला फोडल्याबिगर खिंड उतरायची नाय."

"येसूबाई, ह्या वेळी थांबणं जमणार नाही. चढावर थांबलो की संपलं."

"आमची होडी नारळ दिल्याबिगर दर्यात लोटत नाय. तुमची ही होडी कोन लागून गेली?"

हंसा म्हणाली, "फोडीन गं आजी." म्हणजे एकाच मोटारीत आता दोन वचनं बसली होती, आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध दिशेला तोंड करून.

बोईसर गेलं, उमरोळी गेली. पालघरच्या नाक्यावर हवालदाराने शिट्टी मारली. मोटारीचं पुस्तक पाहिलं, मग आत वाकून पाहिलं.

"पुस्तकात दोन आसनं लिवलीत. दुसरं कुठं हाय?"

"कमलाकांतच्या ओटीवर."

"मंग ही पोरगी कशावर बसलीय?"

"पाटावर."

"पाट हे आसन हाय का?"

"सत्यनारायणाच्या पूजेला तुम्ही कशावर बसता?"

हवालदाराने टोपी मागे सारून विचार केला. "पाटावरच. पन मास्तर, पूजा जाग्यावर असते. ती मनोरला जात नाय."

मुद्दा बिनतोड होता. "पण आम्हाला मनोरला जायचंय हो," मी काकुळतीला आलो. "हिची शर्यत आहे."

"मनोरला?" हवालदाराचा चेहरा एकदम घरचा झाला. "अरे मंग असं बोला की!" तो चौकीमागे गेला आणि शिलाई मशिनचा ओतीव लोखंडी पाय घेऊन आला. पालघरला दुरुस्तीला आणलेला, मनोरला बहिणीकडे पोचवायचा. कायदा आमच्या मागे, वालाच्या ड्रमाला टेकून बसला. मी हिवाळाभर खपून जेवढे मामा उतरवले होते, त्यांपेक्षा जास्त मामा आता चढले होते.

खिंडीच्या पायथ्याशी मी वेग घेतला. तिसऱ्या गिअरमध्ये गात गेलो, दुसऱ्यात बोलत गेलो, पहिल्यात नुसता पुटपुटत राहिलो. मोटारीच्या पोटातले पोहे जोरात कांडले जात होते. मोटार हळू झाली, मग आणखी हळू. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई मागून आली आणि आमच्या बरोबरीने चालू लागली. मनोरच्या बाजारात मोळ्या विकायला बसणारी मंगळी ती.

"गाडी चालू हाय का बंद?" तिने विचारलं.

"चालू आहे, मंगळी."

"बरं," असं म्हणून ती पुढे निघून गेली.

देऊळ वर दिसत होतं. मोटार आता थांबणार हे मला कळलं होतं. थांबली की मागे जाणार, मागे गेली की हंसाची शर्यत गेली. पाटा टाकून देता येत नव्हता, हवालदाराचा लोखंडी पाय तर मुळीच नाही. मी स्टिअरिंगवर पुढे वाकून बसलो होतो, जणू माझ्या वाकण्याने चढ कमी होणार होता.

तेवढ्यात हंसा म्हणाली, "गुरुजी, आता मामा मीच हाय."

तिने दार उघडलं, चालत्या बसमधून बायका उतरतात तशी उतरली, आणि मुद्दाम सांगतो, दार नीट लावलं. मग नारळ काखेत मारून पळत सुटली. मोटारीने एक सुस्कारा टाकला आणि जराशी उचल खाल्ली. हंसाने मंगळीला मागे टाकलं. मागून पालघरहून सुटणारी ती दिवाळीचीच एसटी आली आणि त्याच कंडक्टरने त्याच खिडकीतून मुंडकं काढलं.

"मास्तर, पोरगी पुढं गेली हो!"

"जाऊ दे!" मी ओरडलो. "तिला पुढेच जायचंय!"

मी देवळापाशी पोचलो तोवर हंसाने नारळ फोडला होता, पाणी वाहिलं होतं, हात जोडले होते. मी थांबलो नाही. ती मोटारीच्या बाजूने धावत आली आणि खोबऱ्याचा एक भला मोठा तुकडा तिने माझ्या तोंडात कोंबला. त्यामुळे माथ्यावर पोचल्याचा आनंदही मला धड ओरडून सांगता आला नाही. पलीकडच्या उतारावर ती पुन्हा पाटावर येऊन बसली. अर्धी करवंटी हातात, कपाळावर घाम, आणि दम अजिबात लागलेला नाही.

मनोरच्या मैदानापाशी आलो तेव्हा मुली रेषेवर वाकून उभ्या होत्या. क्रीडाशिक्षकांनी हात वर केलेला, शिट्टी ओठांत. अजून वेळ होता. एक हाक मारली असती तर ते थांबले असते. पण माझ्या तोंडात खोबऱ्याचा दुसरा तुकडा होता. मी घाईने मोटार कुंपणाशी घेतली, अॅक्सिलरेटर सोडला, किल्ली बंद केली. फट्… फट्… आणि मग ती धडाडली. रविवारच्या धडाक्याहून मोठी.

सगळ्या मुली धावत सुटल्या.

"थांबा! थांबा!" क्रीडाशिक्षकांच्या तोंडातून शिट्टी पडली. पण तालुक्याची शर्यत धावायला आलेली मुलगी कोणाच्या थांबा म्हणण्याने थांबते का? धुरळा उडाला. मैदानाला तीन फेऱ्या होत्या, आणि पहिलं वळण आमच्या मोटारीच्या अगदी नाकासमोरून जात होतं. मुली आमच्याच दिशेने येत होत्या.

हंसा उतरून उभी होती. कुंपणावर बसलेला शेंगदाणेवाला तिला म्हणाला, "अगं बघतेस काय? इथनंच घुस त्यांच्यात! कोन बघतंय?"

खरंच कोणी बघत नव्हतं. एक पाऊल टाकलं असतं तर ती घोळक्यात असती. मी खोबरं गिळायच्या खटपटीत होतो.

हंसाने शेंगदाणेवाल्याकडे पाहिलं. मी परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलांकडे पाहतो, अगदी तसं. हातातली करवंटी तिने पाटावर जपून ठेवली. मग मैदान आडवं कापत, धावणाऱ्या सगळ्या मुलींच्या उलट दिशेने ती गेली, पार सुरुवातीच्या चुन्याच्या रेषेपर्यंत. रेषेवर तिने डाव्या पायाचा अंगठा टेकवला, खाली वाकली, एकदा मान वर करून पुढच्या धुरळ्याकडे पाहिलं, आणि मोकळ्या हातांनी धावत सुटली.